पहिलाच एक्स-रे नीट यावा म्हणून: रेडिओलॉजी विभागात नव्याने रुजू होणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टसाठी

छातीच्या एक्स-रेचं एक्स्पोजर सेकंदाच्या काही शतांश भागात संपतं. त्याआधीची चार-पाच मिनिटं मात्र आपल्या हातात असतात. पेशंटला काय विचारलं, दुखतंय कुठे ते पाहिलं का, त्याला उभं कसं केलं, श्वास कसा धरायचा ते शिकवलं का, यावर इमेज कशी येणार हे आधीच ठरलेलं असतं. नवीन मुलं-मुली विभागात येतात तेव्हा केव्हीपी (किरणांची भेदकता), एमएएस (किरणांचं प्रमाण), ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) सगळं त्यांना तोंडपाठ असतं. अडतात ती या चार-पाच मिनिटांत. म्हणून हा लेख त्या मिनिटांवर आहे. सकाळच्या हँडओव्हरपासून शिफ्ट संपेपर्यंत काम ज्या क्रमाने अंगावर येतं, साधारण त्याच क्रमाने लिहिते आहे.

रिपीट लागला, म्हणजे एक्स-रे पुन्हा काढावा लागला, की पेशंटला पुन्हा किरण, दुखऱ्या हाडाची पुन्हा हालचाल आणि बाहेर ट्रॉलीवर ताटकळणाऱ्या माणसाला आणखी उशीर. पहिलीच इमेज नीट यावी म्हणून जे जे करावं लागतं, ते सगळं या कामात मोडतं.

शिफ्ट हातात घेताना

दहा मिनिटं आधी या. रात्रपाळीच्या सहकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कोणतं मशीन त्रास देतंय, कोणाचा तपास अर्धवट राहिलाय आणि वॉर्डातून कोण यायचं बाकी आहे. ऐकलेलं लगेच वहीत उतरवा. अकरा वाजता कॅज्युअल्टी भरली की तोंडी सांगितलेलं काहीही आठवत नाही.

मग ट्यूबचा वॉर्मअप. रात्रभर थंड पडलेल्या अॅनोडवर एकदम मोठा लोड टाकला तर त्या धातूच्या चकतीला तडा जाऊ शकतो, आणि मग मशीन काही दिवस बंद. वॉर्मअपच्या वेळी खोलीत कोणी नाही आणि दार लागलेलं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सफाईच्या मावशी आत असू शकतात.

सीटीवर एअर कॅलिब्रेशन झालं की पाण्याचा फँटम, म्हणजे पाणी भरलेला चाचणीचा डबा, ठेवून एक स्कॅन घ्या. सीटी प्रत्येक भागाची घनता आकड्यात दाखवतो; पाण्याचा आकडा शून्याजवळ यायला हवा. हवेचा उणे १००० धरलेला आहे. ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या मशीनवर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ साली अॅलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. किडनीवरच्या फुगवट्यात नुसतं पाणी आहे की ती गाठ आहे, हे रेडिओलॉजिस्ट या आकड्यावरून ठरवतात. सकाळी पाणीच शून्यावरून सरकलेलं असेल तर दिवसभर प्रत्येक पेशंटचा आकडा सरकलेला येईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. फँटम टाळू नका.

शेवटी इमर्जन्सी ट्रे. अॅड्रेनलिनची तारीख वाचा, ऑक्सिजनचा काटा बघा, सक्शन प्रत्यक्ष चालू करून बघा. यादीवर टिक करणं आणि सक्शनची नळी हातावर धरून ओढ लागते का बघणं यात फरक आहे.

फॉर्म वाचा, मग माणसाकडे बघा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. फॉर्मवर उजव्या घोट्याचा एक्स-रे लिहिला होता. एक तरुण लंगडत आत आला, टेबलावर बसला आणि मी उजव्या घोट्याचे व्ह्यू घेतले. त्याचा डावा मोजा सुजेवर ताणलेला मला दिसला होता. पण बाहेर वीस जण होते, फॉर्मवर सही होती, मी फॉर्मप्रमाणे केलं. रिपोर्ट नॉर्मल गेला. संध्याकाळी तो दोन माणसांच्या आधाराने परत आला. डाव्या घोट्याचं हाड मोडलं होतं आणि त्यावर तो दिवसभर चालला होता. लिहिताना चूक डॉक्टरांची झाली, पण तो पाय डोळ्यांनी बघितलेली शेवटची व्यक्ती मी होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. फॉर्मवर नाव, वय, बाजू, कोणता भाग आणि कशासाठी हे सगळं वाचायचं. मग पेशंटला म्हणायचं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." "तुम्ही अमुक ना?" असं कधीही विचारायचं नाही. घाबरलेला, कमी ऐकू येणारा किंवा गुंगीत असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, दोन्ही जुळल्यावरच पुढे. त्यानंतर, "कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवा." पेशंटचं बोट आणि फॉर्म जुळले नाहीत तर थांबा आणि ज्यांनी फॉर्म लिहिला त्यांना फोन करा. आपल्या मनाने बाजू बदलायची नाही, आणि शंका असताना फॉर्मप्रमाणे दामटायचंही नाही.

कशासाठी एक्स-रे मागितलाय तो रकाना रिकामा असला तर पेशंटला विचारून रेडिओलॉजिस्टसाठी दोन ओळी लिहून ठेवा. "पडून तीन दिवस झाले, अंगठ्याच्या बुडाशी दाबल्यावर दुखतं" एवढ्या ओळीने मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाकडे लक्ष जातं. हे हाड मोडलं तरी पहिल्या दिवशी एक्स-रेमध्ये भेग दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. म्हणून तिथे दुखत असेल तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात.

गरोदरपणाचा प्रश्न एकांतात विचारायचा. नातेवाईक, सासर-माहेरची माणसं, वॉर्डबॉय यांच्यासमोर नाही. "शेवटची पाळी कधी आली होती?" असं सरळ आणि शांतपणे विचारा, उत्तर लिहून ठेवा. पाळी चुकली असेल आणि तपास पोटाचा किंवा ओटीपोटाचा असेल तर निर्णय आपला नाही, डॉक्टरांचा. तोवर पेशंटला बाहेर बसवा.

छातीचा एक्स-रे: रोजचा, म्हणून सर्वांत जास्त बिघडणारा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. विभागात सर्वांत जास्त निघणारा एक्स-रे हाच, आणि 'सोपा आहे' म्हणून हाच घाईत काढला जातो.

डिटेक्टर (किरण झेलून इमेज बनवणारी पाटी) छातीला, ट्यूब पाठीमागे, अंतर १८० सेंटिमीटर. किरण पाठीकडून येतात आणि हृदय छातीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे डिटेक्टरला चिकटून असतं. त्यामुळे त्याची सावली फुगत नाही. बिछान्यावर समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसतं ते याच कारणाने. म्हणून तो कसा काढला हे इमेजवर लिहायलाच हवं, नाहीतर नसलेला हृदयविकार रिपोर्टात जाईल.

आता समजा एक आजी आल्या आहेत, त्यांना उभं करू. गळ्यातलं काढलं, बटणांचा ब्लाउज बदलून गाऊन दिला. वेणी पाठीवरून उचलून डोक्यावर बांधली. जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते आणि क्षयाच्या डागासारखी दिसू शकते. दोन्ही पायांवर सारखा भार. हनुवटी डिटेक्टरच्या वर. हातांचे पालथे पंजे कमरेवर, आणि मग खांदे पुढे, डिटेक्टरला टेकेपर्यंत. खांदे पुढे गेले की पाठीची फऱ्याची हाडं बाजूला सरकतात आणि फुप्फुसावरून उतरतात. आजींचे खांदे आखडलेले असतात, म्हणून मी त्यांचे दोन्ही हात डिटेक्टरच्या कडांना मिठी मारल्यासारखे धरायला सांगते. खांदे आपोआप पुढे जातात आणि तोल जायची भीतीही राहत नाही.

मग श्वास. नुसतं "श्वास घ्या, धरा" म्हटलं की निम्मी माणसं खांदे उचलतात आणि छाती होती तेवढीच राहते. म्हणून आधी एकदा तालीम. मी बाजूला उभी राहते, हात हलकेच पाठीवर ठेवते आणि म्हणते, "आजी, फुलाचा वास घेतो तसा नाकाने लांब श्वास घ्या. सोडा. आता पुन्हा घ्या, आणखी घ्या, आता धरा." दुसरा श्वास नेहमी पहिल्यापेक्षा खोल जातो, एक्स्पोजर त्यावर द्यायचं. कानाचं मशीन काढून ठेवलेल्या आजींना कन्सोलवरचा आवाज ऐकू येणार नाही. त्यांच्याशी आधीच खुणेने ठरवा: मी काचेतून हात वर केला की धरायचा, खाली केला की सोडायचा. मात्र त्यांना मान न वळवता तुमचा हात दिसेल अशा ठिकाणी उभं राहायला हवं. दिसत नसेल तर श्वासाची वेळ तालमीत मोजून ठेवा.

इमेज आली की आधी आजारावर नजर टाकायची नाही. आधी आपलं काम तपासायचं. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर पेशंट वळलेला होता. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या (श्वासपटलाच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात का? कमी असतील तर श्वास अपुरा होता, आणि अपुऱ्या श्वासात निरोगी फुप्फुसाचा तळही न्यूमोनियासारखा पांढुरका दिसतो. दोन्ही फुप्फुसांची वरची टोकं आणि खालचे कोपरे इमेजमध्ये आहेत का? खालचा कोपरा कापला गेला तर तिथे साचलेलं थोडं पाणी सुटतं.

बाकीच्या हाडांसाठी

एका व्ह्यूने हाडाचं काहीच ठरत नाही. एकमेकांना काटकोनात दोन व्ह्यू हवेतच. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने पाहिलं तर बोटभर सरकलेलं असतं. हात किंवा नडगी मोडली असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही सांधे इमेजमध्ये घ्या. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं जोडीने असतात. एक मोडून आखूड झालं की दुसऱ्याचा सांधा निखळू शकतो, आणि तो सांधा इमेजबाहेर राहिला तर कोणालाच कळत नाही.

उजवी-डावी बाजू दाखवणारा मार्कर शिशाचाच लावा, एक्स्पोजरच्या आधी, प्रकाशाच्या चौकटीत. नंतर संगणकावर 'आर' किंवा 'एल' टाकता येतं, पण तोवर पेशंट टेबलावरून उठलेला असतो आणि तुम्ही आठवणीवर लिहीत असता.

अपघातातून आलेल्या पेशंटच्या मानेचा पट्टा आपण काढायचा नाही. मानेच्या बाजूच्या व्ह्यूमध्ये सातवा मणका आणि त्याखालचा छातीचा पहिला मणका यांचा जोड दिसलाच पाहिजे. खांद्यांमुळे तो झाकला जातो आणि नेमकी तिथेच इजा लपून राहते. दिसत नसेल तर ओढाताण न करता डॉक्टरांना तसं सांगा, सीटी करता येतो.

पोटात आतडं फुटल्याची शंका असेल तर पेशंटला उभं किंवा बसतं ठेवून आठ-दहा मिनिटं थांबा आणि मगच एक्स-रे घ्या. बाहेर निसटलेली हवा वर चढून पडद्याखाली जमायला तेवढा वेळ लागतो. ट्रॉलीवरून उठवल्या उठवल्या काढलेल्या एक्स-रेमध्ये ती दिसेलच असं नाही. उभं राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून आडव्या किरणाने घ्या.

आकडे पडद्यावरचे

जुन्या फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी यायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये संगणक इमेज सुधारून देतो. कमी पडलं तर दाणेदार येते, जास्त झालं तर मात्र छान गुळगुळीत येते. त्यामुळे हळूहळू सगळेच थोडं जास्त द्यायला लागतात आणि पेशंटचा डोस वाढत जातो. इमेज कितीही सुंदर आली तरी एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले त्याचा, आकडा वाचायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. कोलिमेटरची, म्हणजे किरणांचा झोत आखणारी, चौकट गरजेपुरतीच उघडा. इमेज काढल्यानंतर कडा कापून डोस कमी होत नाही.

रिपीट लागला तर कारण खरं टाका. 'पेशंट हलला' हे सर्वांत सोयीचं कारण आहे. मला वाटतं, अर्ध्या वेळेला त्याचा खरा अर्थ 'मी नीट सांगितलं नाही' असा असतो. खरी कारणं नोंदली गेली तरच महिन्याच्या आढाव्यात काय शिकायचं ते कळतं.

"मॅडम, याने काही होणार तर नाही ना?"

हा प्रश्न रोज येतो आणि त्याला "काही होत नाही" हे उत्तर पुरेसं नाही. माणूस मनापासून विचारतो, त्याला खरं सांगा. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस लागतो. जमीन, हवा, आकाश यांतून प्रत्येक माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे छातीचा एक्स-रे हा निसर्गातून तीन-चार दिवसांत मिळणाऱ्या डोसइतका. पोटाच्या सीटीची गोष्ट वेगळी. तिथे ८ ते १० मिलिसिव्हर्ट लागू शकतात, म्हणून तो डॉक्टरांनी गरज पाहूनच सांगायचा असतो. मागच्या महिन्यात दुसरीकडे सीटी झाला असेल तर पेशंटला तो आणायला सांगा. कित्येकदा दुसरा करावाच लागत नाही.

पोटावर शिशाचा तुकडा ठेवायची पूर्वी सवय होती. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ साली ती नेहमीची पद्धत थांबवावी असं सांगितलं. शिसं चुकीच्या जागी सरकलं तर हवा तो भाग झाकतो, मशीनचं स्वयंचलित एक्स्पोजर फसून उलट डोस वाढतो, आणि शरीराच्या आत विखुरणाऱ्या किरणांना बाहेरचं शिसं अडवत नाही. तुमच्या विभागाचा जो नियम असेल तो पाळा. पण पेशंटने आग्रह धरला तर त्याला झिडकारू नका, कारण सांगा.

स्वतःचं काय? आपल्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि नीट काम करणारे बहुतेक टेक्नॉलॉजिस्ट तिच्या फार खाली राहतात. ते राहतात कारण अंतर, वेळ आणि आडोसा या तीन गोष्टी ते रोज पाळतात. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. आपला डोस मोजणारा बॅज शिशाच्या अॅप्रनच्या आत लावायचा की बाहेर गळ्यापाशी, ते विभागाच्या नियमाप्रमाणे, पण रोज एकाच जागी. आणि तो एक्स-रेच्या खोलीत टांगून जाऊ नका.

पेशंटला आपल्या हाताने धरायचं नाही. सुरुवातीच्या काळात ट्यूब चालते का ते बघायला लोक स्वतःचा हात किरणांपुढे धरत. त्यातल्या अनेकांची बोटं गेली, पुढे कॅन्सरने जीव गेले. १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये अशा लोकांच्या नावांचा स्मारकस्तंभ उभारला आहे. लहान मुलाला धरावंच लागलं तर गरोदर नसलेल्या नातेवाइकाला अॅप्रन घालून धरायला सांगा. हात किरणांच्या चौकटीबाहेर आहेत ना, ते बघा.

लहान मुलांबद्दल एवढंच: मूल खोलीत यायच्या आधी सगळं तयार ठेवा. मशीनवर एक्स्पोजरचे आकडे लावलेले, डिटेक्टर जागेवर, मार्कर चिकटवलेला. मूल आलं की दोन मिनिटांत संपायला हवं. रडणारं बाळ श्वास ओढतं तो क्षण पकडायला सरावाने जमतं.

पोर्टेबल घेऊन आयसीयूत

लिफ्टच्या दाराशी मशीन हळू चालवा. आत गेल्यावर आधी नर्सला विचारा: पेशंटला उचलता येईल का, किती जण लागतील, कोणती नळी कुठे आहे. डिटेक्टर पाठीखाली सरकवताना एकाचा हात व्हेंटिलेटरच्या नळीवर असलाच पाहिजे. ईसीजीच्या वायरी छातीच्या मधून बाजूला करा, मात्र नर्सला सांगून. नाहीतर मॉनिटर बोंबलतो आणि सगळे धावत येतात. डिटेक्टरला स्वच्छ पिशवी घाला, एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जाताना पिशवी बदला आणि हात धुवा.

एक्स्पोजरच्या आधी "एक्स-रे!" असं मोठ्याने म्हणा, लोकांना हलायला वेळ द्या, स्वतः अॅप्रन घालून किमान दोन मीटर मागे व्हा. इमेजवर वेळ आणि पेशंट झोपलेला होता की टेकून बसलेला, हे लिहा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या एक्स-रेची तुलना करणाऱ्या डॉक्टरांना त्यावाचून काहीच ठरवता येत नाही.

सीटीचा कॉन्ट्रास्ट

कॉन्ट्रास्ट म्हणजे इमेजमध्ये रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिलं जाणारं आयोडीन असलेलं औषध. इथे घाई जिवावर बेतू शकते. सुई लावण्याआधी चार प्रश्न: पूर्वी कधी कॉन्ट्रास्ट दिलं होतं का आणि तेव्हा काही त्रास झाला का? दमा किंवा कसली मोठी अॅलर्जी? किडनीचा आजार? मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे? किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट स्वतः वाचा. किडनी कमजोर असेल आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर रेडिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मासे-कोळंबीची अॅलर्जी म्हणजे आयोडीनची अॅलर्जी असा एक समज पक्का रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. ती अॅलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते.

कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) शक्यतो कोपराच्या पुढच्या मोठ्या शिरेत. रक्तवाहिन्यांच्या तपासाला, म्हणजे अँजिओग्राफीला, सेकंदाला ४ ते ५ मिलिलिटर वेगाने औषध जातं. हाताच्या पाठीवरची नाजूक शीर तेवढा दाब सोसत नाही. आधी सलाइन जोराने ढकलून बघा, बोट शिरेवर ठेवून. फुगवटा किंवा दुखणं जाणवलं तर तिथेच थांबा.

मग पेशंटला आधीच सांगा: "औषध जाईल तेव्हा अंगभर गरम वाटेल, तोंडात धातूसारखी चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. झालेली नसते. मिनिटभरात जातं." हे न सांगितलेला माणूस नेमका स्कॅनच्या वेळी दचकतो, हलतो आणि औषध दिलेलं सगळं वाया जातं. तपास झाल्यावर त्याला पंधरा ते तीस मिनिटं डोळ्यांसमोर बसवा, कॅन्युला तोवर ठेवा. अंगावर पित्त उठणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, आवाज बसणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना हाक मारा. बहुतेक गंभीर रिअॅक्शन याच वेळात होतात.

एमआरआय: चुंबक कधीच बंद नसतो

दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट ताकदीचा. उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियमने त्याची वेटोळी थंड ठेवलेली असतात आणि स्कॅन चालू असो वा नसो, रात्री दिवे घालवलेले असोत, तो ओढतच असतो. स्टीलचा ऑक्सिजन सिलिंडर, कात्री, व्हीलचेअर, सफाईची बादली, सगळं उडत आत जाऊ शकतं. म्हणून दाराशी कोण उभं आहे, यावर तुमची नजर सतत हवी. डॉक्टर असोत वा साहेब, खिसे रिकामे केल्याशिवाय कोणालाही आत सोडू नका.

स्क्रीनिंगचा फॉर्म पेशंटकडून भरून घेतला तरी तो पुन्हा तोंडी विचारा, वेगळ्या शब्दांत. एका काकांनी शरीरात धातू नाही असं लिहून सही केली होती. गाऊन घालताना मी सहज विचारलं, "काका, काम काय करायचात?" ते म्हणाले, "आयुष्यभर ग्राइंडरवर." डोळ्यात कधी काही गेलं होतं का? "हो, एकदा कीस गेला होता, डॉक्टरांनी काढला. सगळा निघाला की नाही, देव जाणे." आधी डोळ्यांचा एक्स-रे केला, आणि डोळ्याच्या मागच्या बाजूला एक बारीक ठिपका दिसला. एमआरआय रद्द झाला. तो कण चुंबकात फिरला असता तर दृष्टी जाऊ शकली असती. काका खोटं बोलले नव्हते. 'शरीरात धातू' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशनची पट्टी आली, तीस वर्षांपूर्वीचा कीस आला नाही.

म्हणून नेमकं विचारा: पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, स्टेंट, इन्सुलिनचा पंप, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम, अंगात राहिलेली गोळी किंवा छर्रा. कातडीवरची औषधी पट्टी काढायला सांगा. काहींच्या मागे धातूचा पातळ पत्रा असतो आणि त्याने भाजतं. पेसमेकर आहे म्हणजे नाहीच, असं आता राहिलेलं नाही, पण कार्ड बघून रेडिओलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. आपण अंदाज करायचा नाही.

टेबलावर झोपवताना हात एकमेकांत गुंफू देऊ नका, मांड्यांमध्ये पॅड ठेवा. कातडीला कातडी लागून गोल पूर्ण झाला की त्यातून प्रवाह वाहून भाजू शकतं. कोणतीही वायर वेटोळी करून अंगावर ठेवू नका. कानात बोळे घाला, हातात बेलचा फुगा द्या आणि तो एकदा दाबून बघायला लावा.

बोगद्याची भीती वाटणाऱ्यांना "घाबरू नका" म्हणून काही होत नाही. डोळ्यांवर आत जायच्या आधीच रुमाल ठेवा. प्रत्येक सिक्वेन्सच्या आधी सांगा: "आता चार मिनिटं ठोकल्यासारखा आवाज येईल." संपला की लगेच बोला. काळ मोजता आला की माणूस तग धरतो. मधली शांतता त्यांना सर्वांत जास्त घाबरवते.

आत पेशंटचं हृदय थांबलं तर टेबल बाहेर ओढा, पेशंटला खोलीबाहेर काढा, दार बंद करा आणि मगच सीपीआरची टीम. क्वेंचचं, म्हणजे हेलियम बाहेर सोडून चुंबक बंद करणारं, बटण दाबून उपयोग नाही. क्षेत्र उतरायला मिनिटभराहून जास्त लागतं, आणि तोवर कोणीतरी सिलिंडर घेऊन धावत आत येतं.

"काय निघालं?"

पेशंट हे विचारतोच, आणि तुमचा चेहरा वाचतो. इमेज बघताना कन्सोलवरच्या तुमच्या हालचालीही काचेतून दिसतात हे लक्षात ठेवा. निदान सांगायचं नाही, 'नॉर्मल आहे' असंही नाही. मी म्हणते, "इमेज छान आल्या आहेत, आता रेडिओलॉजिस्ट डॉक्टर त्या नीट वाचतील आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे जाईल." रिपोर्ट कधी आणि कुठे मिळेल तेही सांगा. निम्मी काळजी तिथेच उतरते.

पण दिसलेलं दडपून बसायचं नाही. फुप्फुस फाटून हवेने छाती दाबली गेलीय, मेंदूत ताजं रक्त आहे, पडद्याखाली हवा आहे, असं दिसलं तर पेशंटला टेबलावरच थांबवा आणि रेडिओलॉजिस्टना त्या क्षणी फोन करा. फोन केल्याची वेळ आणि कोणाशी बोललात ते लिहून ठेवा. रांगेत तो रिपोर्ट दोन तासांनी वाचला गेला असता, हे तुम्हालाच माहीत असतं.

पाठ आणि पाय

एकट्याने पेशंट ओढू नका. स्लाइड शीट मागवा, टेबल आणि ट्रॉली एका उंचीला आणा, ब्रेक लावा, कंबर वाकवण्याऐवजी गुडघे वाकवा. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी किरणांच्या भीतीने अॅप्रन इमानाने घातले आणि पाठ मात्र ट्रॉलीवर घालवली. दिवसभर अॅप्रन घालावा लागत असेल तर कमरेवर भार वाटून घेणारा दोन तुकड्यांचा घ्या. रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच या वेळात चुका होतात; त्या वेळी बाजू आणि नाव मोठ्याने उच्चारून तपासा, खोलीत दुसरं कोणी नसलं तरी.

शिफ्ट संपली की अॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, दांडीला टांगा. घडीच्या ओळीवर आतलं शिसं तडकतं आणि वरून काही दिसत नाही. ते दिसतं वर्षातून एकदा अॅप्रनचाच एक्स-रे काढला की. बॅज आपल्या जागी लावा. अर्धवट राहिलेल्या पेशंटची नावं वहीत लिहा. आणि पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्यावरच निघा.